ओट्यावर कोणी बसायचं नाही

स्वयंपाकघरात दगडी ओटा बसवायचा असला की ओळखीतल्या बायका माझ्याकडे येतात. माझ्याकडे त्याची यादी आहे. माझ्याकडे बहुतेक गोष्टींच्या याद्या असतात: लोणच्याची, बारशाची, माणूस दवाखान्यात न्यायचा झाला तर पिशवीत काय भरायचं त्याची. ओट्याच्या यादीत शहाण्यासारखी कलमं आहेत. गिलावा आधी पुरा करून घ्यावा. मोरी कुठे आणि उतार कुठे ते आधी ठरवावं. दगड ज्या दारातून आत यायचा ते दार मोजावं. पण सगळ्यात वर लिहिलं आहे, 'माप देताना बूट काढावेत.' बायका ते वाचून हसतात. स्वयंपाकघरात बूट कोण घालतं, म्हणतात. मी ते कलम खोडत नाही. ते नानांचं कलम आहे.

नाना म्हणजे धुळ्यात देवपूरला राहत होतो तेव्हाचे आमचे घरमालक. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. लग्न होऊन मी धरणगावहून आले आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. नाना उंचीला बेताचे, आवाजाने कापसाच्या जिनच्या भोंग्याएवढे, आणि मिशीने या दोन्हींपेक्षा मोठे. बोळातून वळताना आधी मिशी वळायची, मग नाना. पायांत काळे, जाड तळाचे बूट. ते घरातही असायचे. झोपताना काढत असावेत, पण तसं छातीठोक सांगणारा साक्षीदार त्या घरात कोणी उरला नव्हता.

त्यांची सगळी नोकरी एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात गेली होती. काम कापूस पारखण्याचं. गाडी आली की तिच्यातून चिमूटभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, निघालेला धागा उजेडात बघायचा आणि एका शब्दात मालाची प्रत सांगायची: लांब, मध्यम, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे पिवळा पडलेला, किडका माल. त्या एका शब्दावर गाडीवाल्याचं वर्ष बरं नाहीतर वाईट जायचं. नोकरीतून नाना निवृत्त झाले, पण ती चिमूट निवृत्त झाली नाही. दिसेल ती वस्तू ती ओढून बघायची. भाजीवाल्याची कोथिंबीर, न्हाव्याचा टॉवेल, पाहुण्याची शाल. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा नानांनी विचारपूस करता करता त्यांच्या शालीचं टोक चिमटीत धरलं आणि त्या गेल्यावर मला म्हणाले, "वरून रेशीम, आतून सरकी." मी शालीबद्दल काही बोलले नाही. सासूबाईंबद्दलही नाही.

माणसांनाही ते हीच मापं लावत. माझा नवरा 'मध्यम, पण स्वच्छ.' हे त्याने ऐकलं आणि पुढे कित्येक वर्षं तो ते कौतुक म्हणून सांगत फिरला. शेजारच्या अक्का 'लांब धागा, पण काटेरी.' मला त्यांनी प्रत दिली नाही, नाव दिलं. याद्या बघून ते मला मुनीम म्हणत.

"मुनीम, आज काय लिहिलंय?"

"घासलेट संपलंय, नाना."

"मग लिहून काय येणार? बाटली घेऊन जा."

त्यांचा एक गुडघा वाकत नसे. जिनमध्ये कापसाची अवजड गाठ पायावर येऊन तो कायमचा सरळ झाला होता. खुर्चीत बसले की तो पाय नाक्यावरच्या आडव्या बांबूसारखा पुढे यायचा आणि येणारेजाणारे त्याला वळसा घालून जायचे. जमिनीवर बसणं संपलं होतं. नानी होत्या तोवर त्याचं काही अडलं नाही. आम्ही राहायला यायच्या आदल्या वर्षी नानी गेल्या. तेव्हापासून नानांनी खिडकीच्या कट्ट्यावर वातीचा स्टोव्ह मांडला होता आणि त्यावर उभ्याने ते एकच पदार्थ करत. सकाळी खिचडी, रात्री सकाळची खिचडी. बदल म्हणून मी एकदा वांग्याचं भरीत नेऊन दिलं. त्यांनी ते चिमटीत घेतलं, ओढलं, म्हणाले, "तेल चांगलं आहे. धागा नाही." भरताला धागा कसला? पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये एवढी रीत त्यांना ठाऊक होती. भांडं आलं ते भरून आलं. खिचडीने.

नानांना एकच लेक. ती शिरपूरला दिली होती. आणि आमच्याकडे लेकीचा सण म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. वैशाखातल्या त्या सणाला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे खातात आणि काम काडीचं करत नाहीत. वर्षभर सासरी राबणारी बाई आखाजीला माहेरी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो. नानी गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला नाना स्वतः गेले आणि एकटेच परत आले. दुसऱ्या वेळी संक्रांतीनंतरच चौकशीला गेले. यंदा तरी पाठवाल ना, म्हणून. तेव्हा लेकीच्या सासूने त्यांना समोर बसवून सरळ सांगितलं, "नाना, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरात बाई नाही. आमची सून तिकडे येऊन भाकरीच थापणार ना? मग इथेच थापू दे. मोटारभाडं वाचेल."

यावर माणूस गप्प बसतो किंवा रडतो. नानांनी मिशीला हात घातला. म्हणाले, "मी माझ्या हाताने तिला खापरावरचे मांडे करून वाढीन. तिनं लाटण्याला बोट लावलं, तर ही मिशी उतरवीन."

हे त्यांनी परत आल्यावर अंगणात उभं राहून सांगितलं. म्हणजे एका वेळी पाच घरांना सांगितलं.

अक्का पलीकडे तांदूळ निवडत होत्या. वयाने नानांच्या बरोबरीच्या, आणि मांड्यांत त्यांचा हात धरणारं देवपुरात कोणी नव्हतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "नाना, मांडे कराले मांडी घालनी पडस. तुमना गुडघा तं खांब शे."

"उभ्याने करीन."

"उभ्याने घोडा झोपस. मांडे होत नहीत."

मी मधे पडले. "नाना, मांडे अक्का करून देतील की. स्वतःच्या हाताने करीन असं कशाला बोललात?"

"तोंडातून गेलं."

"मग परत घ्या."

"मुनीम," नाना म्हणाले, "सौदा एकदा बोलला की बोलला. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला की कोणी हात मागे घेतो का?"

तर अशा रीतीने नानांच्या घरी उभ्याचा ओटा यायचं ठरलं. तेव्हा आमच्या आळीत असा ओटा कोणाकडेच नव्हता. बायका बसून रांधत. उभ्याने रांधणं ही डॉक्टरांच्या आणि कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या घरची चैन होती. आणि आता ती एका खिचडीवाल्याच्या घरी येणार होती.

दगड आणायला नाना मला बरोबर घेऊन पांझरा नदीच्या पलीकडे गेले. दुकानदार शेठजी मूळचे राजस्थानातले, पण धुळ्यातच जन्मलेले, मऊ आवाजाचे. नाना दुकानात शिरले आणि भिंतीला टेकवलेल्या प्रत्येक दगडावरून अंगठा फिरवत गेले. शहाबादी फरशीपाशी थांबून म्हणाले, "मध्यम." मग काळ्या कडप्प्यापाशी आले. त्याची कड चिमटीत धरली. ओढायचा प्रयत्न केला की नाही ते मी सांगू शकत नाही, पण चिमूट धरून ते बराच वेळ उभे होते.

"नानासाहेब," शेठजी म्हणाले, "पत्थर आहे. रुई नाही."

"दिसतंय. पण माल माल असतो."

शेठजींनी माप घ्यायच्या आधीची तयारी समजावून सांगितली. खोली पूर्ण रिकामी पाहिजे. गिलावा झालेला आणि सुकलेला पाहिजे, नाहीतर दगड आणि भिंत यांच्यात फट राहते आणि तिथून झुरळं जन्म घेतात. मोरीचं पाणी कुठे जाणार ते आधी ठरलेलं पाहिजे. मी भराभर लिहून घेत होते. शेवटी शेठजी म्हणाले, "आणि माप घेताना रसोई करणारं माणूस समोर उभं पाहिजे. ओट्याची उंची त्यांच्या कमरेवर असते. बाईजींना सांगून ठेवा."

"बाई नाही," नाना म्हणाले. "मी करणार."

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाना तेच होते. मिशीही तीच होती. मग शेठजींनी दोन चहा मागवले आणि त्यानंतर ते नानांशी जरा हळू बोलायला लागले, जसं आजारी माणसाशी बोलतात.

खोली रिकामी करा म्हटलं होतं. नानांनी ती अशी रिकामी केली, की सकाळी मी पाणी भरायला बाहेर आले तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. डबे, पितळी पातेली, जातं, पाटा, परात, गंज चढलेल्या किसण्या, नानींची मसाल्याची पेटी. बोळातून जाणारा एक भंगारवाला आपोआप आत आला आणि परातीला हात लावून भाव विचारू लागला. नानांनी त्याला हाकलला तो पार नदीच्या पुलापर्यंत. घर विकून नाना शिरपूरला लेकीकडे राहायला चालले, अशी बातमी दुपारपर्यंत आळीत फिरली आणि रिकाम्या होणाऱ्या घरासाठी दोन माणसं माझ्या नवऱ्याला भेटून गेली.

माळ्यावरून सगळ्यात शेवटी खापर निघालं. खापर म्हणजे मांडे भाजायचं पालथ्या घागरीसारखं मातीचं मोठं भांडं, धुराने काळंकुळकुळीत. नानांनी ते दोन्ही हातांत धरलं, त्यावर अंगठा फिरवला आणि प्रत न सांगता तुळशीजवळ सावलीत नेऊन ठेवलं. बाकी सामानाची मी यादी केली. खापर तुळशीजवळ होतं, म्हणून यादीत आलं नाही.

माप घ्यायला मिस्त्री आला. ओळंब्याने भिंती तपासल्या, एक भिंत पोट पुढे काढून उभी आहे म्हणाला. नाना म्हणाले, "माझ्याच वयाची आहे." मग मिस्त्रीने त्यांना ओट्याच्या जागी उभं केलं, पोळी लाटायला सांगितली आणि हाताच्या पातळीवर भिंतीवर कोळशाने खूण मारली. नाना हवेत पोळी लाटत होते. इतक्या जोरात लाटत होते की ती पोळी नसून कोणाची तरी सासू असावी.

मी दारात उभी होते. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. मग नजर खाली गेली.

"नाना, स्वयंपाक बूट घालून करणार का?"

नाना थांबले. मिस्त्री थांबला. चुलीपाशी पायांत चामडं घालून कोणी जात नाही, हे नानांना माहीत होतं. पण ते आजवर चुलीपाशी गेलेच नव्हते; खिडकीतल्या स्टोव्हला त्यांनी चुलीत धरलं नव्हतं. त्यांनी कुरकुरत बूट सोडले. एका पायमोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बुटांतून उतरलेले नाना चांगले तीन बोटं खाली गेले आणि मला एकदम समजलं, की हा माणूस घरातही बूट का काढत नाही. मिस्त्रीने पहिली खूण पुसून खाली दुसरी मारली.

"कोणाजवळ बोलायचं नाही," नाना मला म्हणाले.

मी कोणाजवळ बोलले नाही. फक्त यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलं.

दगड आला तो हातगाडीवर, उभा बांधून. कडप्पा उचलायचा तर उभा उचलायचा, आडवा धरला की स्वतःच्याच वजनाने मोडतो. नाना बोळाच्या तोंडापासून ओरडत होते, "उभा! उभा धरा! मेल्या माणसासारखा आडवा काय करताय!" पुढच्या दाराशी आल्यावर कळलं, की बोळ अरुंद आहे आणि एवढा लांब दगड दारात वळणार नाही. दार मी मोजलं होतं. वळण मोजलं नव्हतं. शेवटी तो आमच्या खोल्यांतून न्यायचं ठरलं, कारण आमचं मागचं दार आणि नानांच्या स्वयंपाकघराचं दार समोरासमोर. माझा नवरा रविवार म्हणून झोपला होता. चार माणसं काळा दगड घेऊन त्याच्या अंथरुणावरून गेली. त्याने डोळे उघडले, वर बघितलं आणि पुन्हा घट्ट मिटले. नंतर म्हणाला, मला वाटलं मी गेलो.

ओटा बसला. विटांच्या दोन भिंतींवर काळाभोर, मोरीकडे किंचित उतरता. जोडाचं सिमेंट सुकेपर्यंत वजन ठेवू नका, एवढंच सांगून मिस्त्री गेला. नानांनी त्याचा शासकीय हुकूम केला. खुर्ची दारात टाकून, पाय आडवा लावून ते पहारा देऊ लागले. मांजराला ओटा बंद. मला पिशवी टेकवायला बंद. ओटा बघायला येणाऱ्या बायकांची तर रांगच लागली होती, आणि एखादीने नुसता तळहात टेकवला की नाना गरजायचे, "ओट्यावर कोणी बसायचं नाही! हा ओटा आहे, मोटारस्टँडचा बाक नाही!" बसायला कोणी निघालेलीच नसायची. अक्कांनी एकदा लोणच्याची बरणी टेकवली, ती नानांनी उचलून त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. अक्कांनी कबूल केलेलं मांड्यांचं शिक्षणही त्यामुळे सुरू होईना आणि आखाजी जवळ येत राहिली.

शेवटी मीच दोघांना समोरासमोर उभं केलं. अक्का आल्या त्या हाताची घडी घालून. "मनी बरणी ओट्याले चालत नही, पण मना हात चालस का?"

"हात स्वच्छ असला तर चालतो."

कणीक मळण्यापासून सुरुवात झाली आणि तिथे मात्र गंमत झाली. मांड्याची कणीक सैल लागते, आणि ती ताणली तर तुटता कामा नये. अक्का त्याला हाताचा अंदाज म्हणत. नानांनी कणकेची चिमूट घेतली, दोन्ही हातांनी ओढली, उजेडात धरली. "आखूड." अजून मळली. पुन्हा ओढली. "मध्यम." घामाने निथळले. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा कणकेचा पडदा झाला आणि त्यातून पलीकडची खिडकी दिसली. "लांब," नाना म्हणाले. अक्कांनी चिमूट घेऊन बघितली आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

पुरण भरून लाटी ओट्यावर लाटायची, मग उचलून दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत मोठी करायची आणि खापरावर अलगद टाकायची. पहिले काही मांडे नानांच्या कोपरातून खाली लोंबून तुटले. एकाला मधोमध भोक पडून तो गळ्यात अडकला. पण जमत चाललं होतं. खापर तापवल्याशिवाय नुसताच सराव चालला होता. मग एके दिवशी अक्का म्हणाल्या, आता भाजून बघू.

ओट्यावर विटा ठेवल्या, म्हणजे उष्णतेने दगड तडकू नये. विटांवर कोळशाची शेगडी. शेगडीवर खापर. आम्ही तिघं मागे सरलो आणि वर बघितलं.

हो, वर. खापराचा माथा नानांच्या हनुवटीला आला होता.

ओट्याची उंची चोख होती. लाटायला चोख, चिरायला चोख. फक्त त्यावर शेगडी आणि तिच्यावर खापर चढणार हे कोणी धरलंच नव्हतं. शेठजींच्या घरी खापर नव्हतं. मिस्त्री फरशीचा माणूस. आमच्या धरणगावला मांडे अंगणातल्या चुलीवर व्हायचे, तेव्हा खापर ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आणि ज्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, त्या अक्कांना माप देताना कोणी बोलावलंच नव्हतं. ओट्याचं माप हे मिस्त्रीचं काम, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"होईल," नाना म्हणाले. मांडा त्यांच्या हातांवर तयार होता, तो वाया घालवायचा नव्हता. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, शरण येणाऱ्या शिपायासारखे, चवड्यांवर उभे राहिले आणि पुढे झुकले. मांडा पडला खापरावर. मिशीचं डावं टोकही पडलं. ते रोज तूप लावून पीळ दिलेलं टोक होतं. त्याने पेट घेतला नाही, पण चरचरलं, आणि त्या वासाने मांजरसुद्धा ओट्याखालून पळालं.

"व माय!" अक्का ओरडल्या. "नानानी मिशी भाजाई गयी!"

नानांनी आरशात बघितलं नाही. डाव्या हाताने चाचपलं. मग म्हणाले, "हातोडा आणा."

"कशाला?"

"ओटा फोडतो. अर्धी मिशी घेऊन जाऊ का शिरपूरला? आणि गेलो तरी इथे आणून तिला काय वाढू? खिचडी?"

आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण चिमटीत कणीक होती आणि ते ती ओढून बघत नव्हते. त्या चिमटीला मी असं कधी बघितलं नव्हतं. अक्कांनी पण बघितलं असावं, कारण त्या एकदम कामाला लागल्या. ओटा बांधून उरलेल्या विटा मोरीजवळ रचल्या होत्या. अक्कांनी मला खूण केली आणि आम्ही दोघींनी त्या भिंतीला लागून रचायला घेतल्या, नानांच्या गुडघ्याइतक्या उंच. त्यावर शेगडी. शेगडीवर खापर. माथा बरोबर कमरपट्ट्याला आला.

"आता टाका," अक्का म्हणाल्या. "ओट्यावर लाटा, वळा, आणि टाका. मिशी वर, खापर खाले."

असं झालं. ज्यासाठी ओटा बांधला ते सोडून बाकी सगळं त्या ओट्यावर होणार होतं. पण झालं. फक्त त्या छोट्या खोलीत विटांच्या रचलेल्या चुलीने जमीन खाल्ली. एक माणूस उभा राहू शकेल एवढीच जागा उरली.

मिशीचा प्रश्न राहिला. डावी बाजू उजवीच्या निम्मी. न्हावी म्हणाला, उजवी कापून सारखी करतो. सारखी करता करता ती चिमटीत येईना, तेव्हा नाना म्हणाले, "कवडी. काढून टाक सगळी." आणि नुसता गोरा, ओळख नसलेला ओठ घेऊन ते शिरपूरला लेकीला आणायला गेले. घरी कोणी मेल्याशिवाय आमच्याकडे मोठा माणूस मिशी काढत नाही. मोटारीत दोघांनी त्यांना कोण गेलं म्हणून विचारलं. तिथे दारातच लेकीची सासू. तिने बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"अहो नाना! लेक अजून इथेच आहे. तिनं लाटण्याला बोटही लावलं नाही. आणि मिशी आधीच गेली?"

नाना म्हणाले, "बयाणा दिला, बाई. आता सौदा मोडायचा नाही."

हे नानांनी सांगितलं असतं तर मी निम्मं सोडून दिलं असतं. पण लेकीनेच सांगितलं. म्हणाली, सासूबाई हसून हसून खाली बसल्या आणि बसल्या बसल्याच म्हणाल्या, जा बाई, जा, हा माणूस पुढच्या खेपेला भुवया उतरवून येईल.

आखाजीच्या दिवशी नाना सकाळपासून अनवाणी होते. आळीतले बाप्ये झाडाखाली पत्ते कुटत बसले होते. नाना नसल्याने त्यांचा डाव अडला होता, तरी नाना गेले नाहीत. मी आणि अक्का अंगणात, म्हणजे दाराच्या शक्य तितक्या जवळ होतो. लेक न्हाऊन, नवं लुगडं नेसून आली. उंचीने बापासारखी बेताची, पण आवाज अगदी लहान. ती दारात थांबली. आईच्या जागी काळा ओटा होता, आणि ओट्यामागे बिनमिशीचा, पिठाने कोपरापर्यंत पांढरा झालेला बाप.

तिने सवयीने पदर खोचला आणि परातीकडे हात नेला.

"हात!" नाना गरजले. पलीकडे पत्त्यांच्या डावातसुद्धा शांतता झाली.

"मी नुसती लाटी करून देते, नाना."

"काही करायचं नाही. बठ."

तिने इकडेतिकडे बघितलं. जमिनीवर विटांची चूल, कोळशाचं टोपलं, रसाचं पातेलं. "कोठे बठू?"

नानांनीही खोलीत नजर फिरवली. मग ओट्यावर, जिथे शेगडी बसायची होती ती मधली जागा मोकळी पडली होती, तिच्यावरचं पीठ त्यांनी हाताने पुसलं.

"तठे. ओट्यावर बठ."

अक्कांनी माझा दंड इतक्या जोरात धरला, की आठवडाभर त्याची खूण होती.

लेकीने एकदा बापाकडे बघितलं, मग ओट्याच्या कडेवर हात टेकले आणि वर चढून बसली. पाय लोंबकळत सोडले. मग ते हलायला लागले, मागेपुढे, झोक्यावर बसल्यासारखे. नानांनी तिच्या शेजारी लाटी लाटली, हातांवर घेतली, कोपरापर्यंत फिरवली, वळले आणि खापरावर टाकली. मांडा एका बाजूने पातळ आणि एका बाजूने घोंगडीसारखा झाला होता. एक कड करपली होती. ताटात घालून, वर तूप सोडून, रसाची वाटी मांडून त्यांनी ते तिच्या मांडीवर दिलं आणि सरळ पायावर भार देऊन उभे राहिले.

ती लगेच जेवली नाही. तिने मांड्याचा एक तुकडा मोडला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि हळूच ओढला. खिडकीच्या उजेडात धरून बघितला. अगदी बापासारखा.

"धागा आखूड शे, नाना," ती म्हणाली.

नानांचा हात सवयीने ओठावर गेला. तिथे पिळायला काही नव्हतं. तो तसाच परत आला आणि पुढची लाटी उचलू लागला.

"मंग पुढला आखाजीले ये," नाना म्हणाले. "लांब धागाना देसू."